अंगठीबहाद्दर

अंगठीबहाद्दर हा प्रामुख्याने अमेरिकेत आढळणारा पदवीधर आहे. आपण कुठे, केव्हा आणि कशाचे शिक्षण घेतले हे त्याला तोंडाने सांगावे लागत नाही; ते काम त्याचे बोट करते. सहसा उजव्या हाताच्या अनामिकेत, आणि लष्करी अकादमीतला असेल तर बहुधा डाव्या हाताच्या, तो एक जाडजूड अंगठी घालतो. तिच्या मध्यभागी सुपारीएवढा खडा किंवा कोरीव मानचिन्ह असते, त्याभोवती संस्थेचे नाव, एका बाजूला उत्तीर्ण होण्याचे वर्ष, दुसऱ्या बाजूला विषयाची नाहीतर खेळाची खूण, आणि आतून, कातडीला टेकून, त्याचे स्वतःचे नाव. पदवीचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगता येते, पण भिंत विमानतळावर नेता येत नाही. ही अडचण ज्याला फार जाणवते, तो अंगठीबहाद्दर होतो.

पाहणाऱ्याला तो दागिन्यांचा शौकीन वाटण्याची शक्यता आहे. तो तसा नसतो. लग्नाची अंगठी आणि घड्याळ सोडले तर त्याच्या अंगावर दुसरा दागिना नसतो, आणि गळ्यात साखळी घालणाऱ्या पुरुषाबद्दल त्याचे मत फारसे चांगले नसते. कॉलेजची अंगठी तो कागदपत्रांत मोजतो.

या जातीचा मूळ पुरुष शोधायला १८३५ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या तुकडीने आपल्या वर्षाच्या अंगठ्या करून घेतल्या, आणि अमेरिकेत क्लास रिंगची चाल सुरू झाली. पुढच्या, म्हणजे १८३६ च्या, तुकडीने अंगठी केलीच नाही. ते लोक मोकळ्या बोटांनी सैन्यात गेले आणि त्यामुळे सैन्याचे काही अडले अशी नोंद नाही. परंतु १८३७ पासून बोटे पुन्हा भरू लागली. अॅनापोलिसच्या नौदल अकादमीत १८६९ मध्ये अंगठी आली. टेक्सासचे कृषी व यांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचे टेक्सास ए अँड एम विद्यापीठ, १८८९ मध्ये या वाटेला लागले.

सैनिकाची गोष्ट नागरिकाने उचलायला आणि नागरिकाने उचललेली गोष्ट व्यापाऱ्याने विकायला फार वेळ लागत नाही. मिनेसोटातील ओवाटोना या गावी ऑटो जोस्टेन याने १८९७ मध्ये दागिने आणि घड्याळदुरुस्तीचे दुकान काढले, त्यातून ‘जोस्टेन्स’ ही कंपनी उभी राहिली. मॅसॅच्युसेट्समधील अॅटलबरो येथे १९१३ मध्ये ‘बाल्फोर’ निघाली, इंडियानापोलिसमध्ये १९२० मध्ये ‘हर्फ जोन्स’. आज या धंद्यात अंगठीबरोबर पदवीदानाची टोपी, झगा, वार्षिकांक आणि प्रमाणपत्राची चौकट हेही विकले जाते. पदवीला लागणाऱ्या वस्तूंपैकी अभ्यास तेवढा विद्यार्थ्याला स्वतः आणावा लागतो.

अंगठीबहाद्दराची बाल्यावस्था हायस्कूलमध्ये सुरू होते. तो अकरावीत असताना शाळेत मधल्या सुट्टीच्या वेळी एक हसतमुख विक्रेता येतो, टेबलावर मखमलीची पेटी उघडतो आणि मुलांच्या हातात मागणीपत्रक देतो. धातू कोणता, खडा कोणता, खड्याचे पैलू कसे, डाव्या बाजूला काय, उजव्या बाजूला काय, आत काय कोरायचे, असे प्रश्न त्यात असतात. आयुष्यात पुढे काय करायचे हे न ठरलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला अंगठीवर ट्रम्पेट हवा की फुटबॉल हे मात्र त्या आठवड्यात ठरवावे लागते. ट्रम्पेट निवडणारा पुढच्याच वर्षी बँड सोडतो. अंगठीवर ट्रम्पेट राहतो.

धातूचा रकाना विशेष वाचनीय असतो. सोने महाग, म्हणून कंपन्यांनी पांढऱ्या मिश्रधातूंना लस्ट्रियम, सेलेस्ट्रियम, सिलेडियम अशी नावे ठेवली आहेत. ही नावे वाचून हे धातू एखाद्या दूरच्या ग्रहावरून आणले असावेत असा समज होतो. प्रत्यक्षात ती स्टेनलेस स्टीलच्या गोतावळ्यातली मंडळी आहेत. त्यांची अंगठी काहीशे डॉलरांत होते. सोन्याची हवी असेल तर आकडा हजाराच्या पुढे जातो, आणि तेही सोने बहुधा दहा कॅरटचे. दहा कॅरट म्हणजे चोवीस भागांत दहा भाग, शेकडा ४१.७. हा हिशेब अमेरिकन बापाला खटकत नाही, कारण त्याच्या घरी अंगठी तोळ्यावर घेत नाहीत. २२ कॅरट म्हणजे शेकडा ९१.६, म्हणून ‘९१६’चा शिक्का बघितल्याशिवाय दुकानाची पायरी न उतरणाऱ्या मराठी गृहिणीसमोर हीच वस्तू ठेवली, तर ती सोन्यात तांबे मिसळले आहे असे न म्हणता तांब्यात सोने मिसळले आहे असे म्हणेल, आणि वजनाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर असेल.

खड्याची गोष्ट आणखी गमतीची. खडा शाळेच्या रंगाचा घेतात नाहीतर जन्ममहिन्याचा, आणि तो प्रयोगशाळेत तयार केलेला असतो. महाराष्ट्रात पुरुषाच्या बोटात मोठा खडा दिसला की पाहणारा आधी ज्योतिषाचे नाव विचारतो. पुष्कराज असेल तर गुरूसाठी तर्जनीत, नीलम असेल तर शनीसाठी मधल्या बोटात, माणिक असेल तर रवीसाठी अनामिकेत. नीलमाची तर एवढी धास्ती की तो आधी काही रात्री उशीखाली ठेवून, स्वप्ने तपासून मगच बोटात घालतात. ज्या अमेरिकन शाळेचा रंग निळा आहे, तेथे दोन-तीनशे मुले कोणतीही पत्रिका न बघता एकाच दिवशी अनामिकेत निळे खडे चढवतात. शनीने याची काय दखल घेतली असेल ते त्यालाच ठाऊक. खडा कृत्रिम आहे हे बहुधा त्याच्या लक्षात आले असावे.

अंगठी हाती आल्यावर ती फिरवून घेण्याचा विधी असतो. वर्गमित्र एकेक करून बोटातली अंगठी थोडी फिरवतात. उत्तीर्ण वर्षाच्या शेवटच्या दोन आकड्यांइतके फेरे. शेवटचा फेरा खास व्यक्तीसाठी राखून ठेवलेला असतो, आणि ती व्यक्ती कोण यावर आधीच्या सगळ्या फेऱ्यांपेक्षा जास्त चर्चा होते. १९५० च्या दशकात या अंगठीला आणखी एक काम होते. मुलगा आपली अंगठी मैत्रिणीला देई, आणि ती गळ्यातल्या साखळीत अडकवून मिरवी, किंवा तिच्या मागच्या बाजूला मऊ अँगोरा लोकर गुंडाळून बोटात बसेल इतकी ती जाड करी. भांडण झाले की अंगठी परत. लोकर कोणी ठेवायची, याचा नियम नव्हता.

हायस्कूलच्या अंगठीचे आयुष्य येथे जवळजवळ संपते. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यातच तिच्या मालकाला कळते की येथे शाळेची अंगठी घालून फिरणारा मुलगा अजून शाळेतच आहे असे समजले जाते. ती रात्रीतून बोटावरून उतरते आणि आईच्या घरच्या खणात जाते. दीड-दोन वर्षे वापरलेल्या, कोणी न ओळखणाऱ्या आणि मोडीत फार काही न देणाऱ्या या वस्तूबद्दल एवढेच म्हणता येईल की विक्रेता खरोखर हसतमुख होता.

खरा अंगठीबहाद्दर कॉलेजात, आणि तेही मोजक्याच कॉलेजांत, तयार होतो. ईशान्येकडच्या जुन्या, नामांकित विद्यापीठांत तो विरळा. तेथल्या पदवीधराला अंगठीची गरज पडत नाही. संभाषणाच्या तिसऱ्या वाक्यात तो ‘बॉस्टनजवळ शिकत होतो तेव्हा’ असे म्हणतो आणि समोरच्याने कॉलेजचे नाव विचारण्याची वाट बघतो. अंगठीबहाद्दराची दाट वस्ती लष्करी संस्था, दक्षिणेतली राज्ये आणि टेक्सास येथे आहे. याला बॉस्टनच्याच परिसरात एक ठळक अपवाद आहे, त्याकडे पुढे वळू.

टेक्सास ए अँड एमचा पदवीधर हा या जातीचा सर्वांत पूर्ण वाढलेला नमुना मानावा लागतो. तेथली अंगठी पैसे मोजले म्हणून मिळत नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला आधी ९० क्रेडिट पुरी करावी लागतात, आणि त्यानंतरच माजी विद्यार्थी संघटना त्याला अंगठी मागवू देते. आराखडा १८९४ च्या सुमारास ठरला, तो जवळपास तसाच आहे. १९६३ मध्ये महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले तेव्हा नाव तेवढे बदलले. वर गरुड, ढाल, पाच तारे. एका बाजूला टेक्सासचा तारा, दुसऱ्या बाजूला तोफ, तलवार, बंदूक आणि झेंडे. यातल्या प्रत्येक खुणेचा अर्थ असतो आणि विचारल्यास तो सांगितला जातो. न विचारल्यासही सांगितला जातो.

सगळ्यांच्या अंगठ्या सारख्याच असणे, हे तिथले खरे इंगित आहे. हायस्कूलच्या मुलाला आपली अंगठी इतरांपेक्षा वेगळी हवी असते. ए अँड एमच्या पोराला ती हुबेहूब इतरांसारखी हवी असते, आणि चार खोल्यांपलीकडून ओळखू यावी अशी. अंगठ्या वाटण्याच्या दिवशी हजारोंनी विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील कॉलेज स्टेशन या गावात जमतात. संघटनेच्या इमारतीसमोर या अंगठीची दोन पुरुष उंचीची प्रतिकृती उभी आहे, तिच्यासमोर फोटोसाठी रांग लागते. त्यानंतरचा एक विधी विद्यापीठाच्या कोणत्याही पत्रकात सापडत नाही, पण तो कित्येक जण पाळतात. अंगठी बिअरच्या मोठ्या चंबूत टाकायची, सगळी बिअर एका दमात संपवायची आणि तळाची अंगठी दातांत पकडायची. वर्षाच्या शेवटच्या दोन आकड्यांइतक्या सेकंदांत हे उरकण्याची ईर्षाही काही जण बाळगत. १९९९ वाल्यांना ते जमण्यासारखे होते. शतक बदलल्यावर हिशेब बिघडला. संघटनेला हा प्रकार पसंत नाही, आणि दंतवैद्यांना नापसंत असण्याचे कारण नाही. बिअर न पिणारी मुले हेच आइस्क्रीममध्ये करतात.

पदवी मिळेपर्यंत अंगठीवरचे वर्ष घालणाऱ्याकडे तोंड करून असते. पदवीच्या सुमारास ती फिरवून जगाकडे करतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, हीच फिरवाफिरव अधिक बारकाईने होते. ईशान्येतला अपवाद तो हाच. तेथल्या अंगठीला ‘ब्रास रॅट’ म्हणतात, पण ती पितळेची नसते आणि तिच्यावर उंदीर नसतो. तिच्यावर बीव्हर असतो. निसर्गातला हा धरण बांधणारा प्राणी १९१४ पासून त्या संस्थेचे मानचिन्ह आहे. अंगठी पहिल्यांदा १९३० च्या तुकडीने घातली. दरवर्षी विद्यार्थ्यांची समिती नवा आराखडा काढते, त्यात त्या वर्षीच्या खाणाखुणा आणि चेष्टा लपवते आणि नंतर मोठा सोहळा करून तो उघड करते. शिकत असताना बीव्हरची बैठक घालणाऱ्याकडे असते, आणि त्या बैठकीचा अर्थ तेथली मुले फारशा शिष्ट नसलेल्या भाषेत सांगतात. त्याच वेळी अंगठीवरचे बॉस्टन शहर त्याला दिसते. बाहेरचे जग तिकडे वाट पाहत आहे. पदवी मिळाली की अंगठी उलटी होते, बीव्हर जगाकडे पाठ करतो आणि पदवीधराला संस्थेचे स्वतःचे गाव केंब्रिज दिसू लागते, जेथून सुटण्यासाठी त्याने चार वर्षे काढलेली असतात.

लष्करी अंगठीबहाद्दराचे स्वभावविशेष थोडे वेगळे. वेस्ट पॉइंटमध्ये शेवटच्या वर्षाच्या कॅडेटांना उन्हाळ्याच्या अखेरीस अंगठ्या मिळतात, आणि बराकीकडे परतताना पहिल्या वर्षाची पोरे त्यांना गराडा घालतात, अंगठीला हात लावू द्या म्हणून गयावया करतात आणि तिची ठरलेली खोटीखोटी स्तुती एका दमात म्हणून दाखवतात. अॅनापोलिसला अंगठीचे नृत्य असते; तेथे अंगठ्या सात समुद्रांच्या पाण्यात बुडवतात. सात नद्यांच्या पाण्याने राज्याभिषेक होतो हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये, मात्र रायगडावर त्यानंतर वॉल्ट्झ झाला नव्हता.

या अकादमींच्या पदवीधरांना सैन्यातले बाकीचे अधिकारी ‘रिंग नॉकर’ म्हणतात. बैठकीत मतभेद झाला की हा माणूस काही न बोलता अंगठी टेबलावर टकटक वाजवतो, मग खोलीतले बाकीचे अंगठीवाले त्याच्या बाजूचे होतात, अशी समजूत त्यामागे आहे. टेबल वाजवल्याच्या या कथा अंगठी नसलेले अधिकारीच जास्त रंगवून सांगतात, हे ध्यानात ठेवलेले बरे. तथापि टकटक केली नाही तरी अंगठी दिसते, आणि दिसण्यापुरती ती पुरेशी असते. वेस्ट पॉइंटच्या १९१५ च्या तुकडीतल्या ड्वाइट आयझेनहॉवर यांनी १९१६ च्या व्हॅलेंटाइन दिनी मेमी यांना साखरपुड्यासाठी याच अंगठीची छोटी प्रतिकृती दिली. अकादमीतल्या तरुणांची तशी रीतच होती. वधूच्या बोटात वराचे उत्तीर्ण वर्ष कोरलेले असणे ही सोय इतर कोणत्याही विवाहपद्धतीत आढळत नाही.

अंगठीबहाद्दर नोकरीला लागला की त्याच्या अंगठीची खरी परीक्षा सुरू होते. हस्तांदोलन करताना त्याची नजर समोरच्याच्या चेहऱ्याआधी बोटांवर जाते. समोरही तशीच अंगठी असेल तर पुढचा संवाद ठरलेला: कोणते वर्ष, कोणते वसतिगृह, ते प्राध्यापक अजून आहेत का. वर्ष कळल्याबरोबर दोघांत ज्येष्ठ कोण हे ठरते आणि जो नंतरचा असतो तो किंचित वाकतो. मुलाखतीला बसलेला उमेदवार आणि मुलाखत घेणारा यांच्यात असे झाले, तर बाकीच्या उमेदवारांनी घरी जायला हरकत नाही. ह्यूस्टनच्या तेलकंपन्यांत किंवा सैन्याच्या कंत्राटदारांकडे अंगठीचा उपयोग होतो तो असा. हजार डॉलरांची वस्तू तीस वर्षे चालणारी ओळखपत्रिका ठरते. हा सौदा वाईट म्हणता येत नाही. अंगठी नसलेल्याला यात पक्षपात दिसतो. अंगठीवाल्याला त्यात जिव्हाळा दिसतो. दोघेही एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात.

मात्र हा उपयोग दोन माणसांवर अवलंबून आहे हे अंगठीबहाद्दर सहसा विसरतो. ओळखणारा भेटला नाही तर अंगठी बोलत नाही. ओहायोतल्या एखाद्या लहान कॉलेजचा पदवीधर कॅलिफोर्नियात आला, तर त्याच्या बोटातला हिरवा खडा पाहून लोक त्याला फुटबॉलच्या विजेत्या संघातला समजतात, नाहीतर काही समजतच नाहीत. अशा वेळी तो संभाषणात हात वारंवार हनुवटीखाली आणतो, ग्लास डाव्या हातातून उजव्या हातात घेतो आणि काचेवर बोट वाजवतो. एवढ्यावरही कोणी विचारले नाही, तर घरी गेल्यावर हवा कोरडी असल्याची तक्रार करून अंगठी काढून ठेवतो. ती पुन्हा निघते ती पंचविसाव्या वर्षाच्या स्नेहसंमेलनाला, आणि तेव्हा ती बोटाच्या दुसऱ्या पेरावर अडकते.

कॅनडाच्या अभियंत्याने हा सगळा प्रश्न स्वस्तात सोडवला आहे. प्राध्यापक हर्बर्ट हॉल्टेन यांनी १९२२ मध्ये तरुण अभियंत्यांसाठी एका शपथविधीची कल्पना मांडली, त्याची संहिता रुडयार्ड किपलिंग यांनी लिहिली आणि १९२५ मध्ये पहिला समारंभ झाला. किपलिंग यांचा जन्म मुंबईतल्या जे. जे. कलाशाळेच्या आवारातला, तेव्हा या अंगठीचा एक धागा क्रॉफर्ड मार्केटच्या शेजारी येऊन पोचतो. ही अंगठी लोखंडाची, अलीकडे बहुधा स्टेनलेस स्टीलची. खडा नाही, कॉलेजचे नाव नाही, वर्ष नाही. ती काम करणाऱ्या हाताच्या करंगळीत घालतात, म्हणजे नकाशा काढताना ती कागदाला घासते आणि चुकल्यास माणसे मरतात याची आठवण राहते. पहिल्या अंगठ्या १९०७ मध्ये कोसळलेल्या क्वेबेक पुलाच्या लोखंडाच्या होत्या, असे कॅनडाचा अभियंता सांगतो. ते खरे नाही, पण सांगताना तो इतका गंभीर असतो की त्याला थांबवू नये. त्याला ‘अंगठीबहाद्दर’ म्हणता येईल की नाही हा वादाचा मुद्दा आहे, कारण त्याची अंगठी दिसण्यासाठी नसते. तरी ती दिसावी म्हणून तो करंगळी थोडी वर धरतो असे जवळून पाहणारे सांगतात.

अमेरिकेत एमएससाठी गेलेला मराठी विद्यार्थी या पंथात क्वचितच शिरतो. पदवीदानाच्या काही महिने आधी त्यालाही अंगठीचा ईमेल येतो. तो किंमत वाचतो, डॉलरांना चालू दराने गुणतो, आणि आलेल्या आकड्यात पुण्याचे परतीचे तिकीट बसते की नाही ते बघतो. बहुधा बसते. ज्याने तरीही अंगठी घेतली, त्याचे आईवडील पदवीदानाला आल्यावर आई ती तळहातावर तोलून बघते आणि ‘किती भरली?’ एवढेच विचारते. समजा अंगठी १२ ग्रॅमची आहे. दहा कॅरटच्या हिशेबाने त्यात सोने ५ ग्रॅम, म्हणजे अर्धा तोळा. पोराने दिलेल्या पैशात शुद्ध सोने किती आले असते हे ती मनातल्या मनात काढते आणि गप्प बसते, कारण समोर पदवीचा झगा घातलेला मुलगा असतो. वडील खडा उन्हात धरून बघतात आणि कोणाला विचारून घातलास म्हणून चौकशी करतात. ‘विद्यापीठाने सांगितलं’ हे उत्तर त्यांना पटते.

अंगठीबहाद्दराची उत्तरावस्था हरवण्याने गाजते. अंगठी समुद्रात पोहताना जाते, गॅरेजमध्ये हात धुताना जाते, गोल्फच्या मैदानावर जाते. पण तिच्यावर शाळेचे नाव, वर्ष आणि आत मालकाचे नाव किंवा आद्याक्षरे असल्याने ती चोराला जड आणि शोधणाऱ्याला सोपी पडते. मेन राज्यात १९७३ मध्ये हरवलेली हायस्कूलची एक अंगठी २०२० मध्ये फिनलंडच्या जंगलात, वीतभर मातीखाली, धातुशोधक यंत्राने सापडली. ती अटलांटिकपलीकडे कशी गेली ते कोणाला कळले नाही. परंतु शाळेचे नाव आणि वर्ष वाचून ती पत्ता काढत मूळ घरी पोचली. हिऱ्याच्या अंगठीचे असे होत नाही. हिरा ज्याच्या हाती पडेल त्याचा होतो. १९७३ चे हायस्कूल दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचे नसते.

त्याच कारणाने सराफाच्या दुकानात तिची पत राहत नाही. खडा काढून बाजूला ठेवतात, कारण त्याला मोल नाही; उरलेले वजन करून दहा कॅरटच्या भावाने घेतात. मिश्रधातूची असेल तर सराफ नम्रपणे नको म्हणतो. मालकाच्या मुलांनाही ती वापरता येत नाही, कारण वडिलांचे उत्तीर्ण वर्ष बोटात घालून फिरल्यास वयाबद्दल गैरसमज होतात. वेस्ट पॉइंटने यावर तोड काढली आहे. दिवंगत पदवीधरांच्या घरून आलेल्या अंगठ्या वितळवून ते सोने नव्या तुकडीच्या अंगठ्यांत मिसळायचा उपक्रम २००२ च्या तुकडीपासून चालू आहे. मोडीत काढलेली अंगठी अधिक किमतीची होते असे हे बहुधा एकमेव उदाहरण.

अंगठी घ्यावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे संस्थेगणिक बदलते. हायस्कूलची घेऊ नये. त्या पैशात चांगले बूट येतात. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये नाव बदलून तोच साचा तीनशे कॉलेजांना विकला जात असेल, तर तीही घेऊ नये. वेस्ट पॉइंट, अॅनापोलिस, टेक्सास ए अँड एम, एमआयटी यांची घ्यावी आणि कर्ज न काढता घ्यावी. शंका असल्यास त्या गावातल्या पन्नाशीच्या माणसांचे हात बघावेत. विद्यार्थ्यांच्या बोटांवरून काही कळत नाही. पन्नाशीचे लोक घालत असतील तर ती तिथे चालते. घ्यायचीच ठरली, तर बोटाचे माप थंडीत किंवा सकाळी देऊ नये, तेव्हा बोटे बारीक असतात. उन्हाळ्यात, संध्याकाळी द्यावे, आणि नाव कोरण्याआधी स्पेलिंग दोनदा तपासावे.